पहिला गेमिंग पीसी: प्रोसेसर कसा निवडायचा आणि बाकीचं त्याच्याशी कसं जुळवायचं

जुन्या वस्तूंच्या ॲप्सवर एक जाहिरात कायम दिसते: ‘आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड’. फोटोत रंगीत पंखे, आणि किंमत बऱ्यापैकी मोबाइलपेक्षाही कमी. अशा विक्रेत्याला एवढंच विचारायचं, आय७ कुठला? पूर्ण नंबर सांगा. बऱ्याचदा उत्तर येतं आय७-२६००, नाहीतर ३७७०. पहिला २०११ सालचा, दुसरा २०१२ चा, दोन्ही ४ कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग). विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एव्हीएक्स२ नावाची सोय या दोघांत नाही, त्यामुळे काही नवे गेम सुरूच होत नाहीत. आणि ते ‘४ जीबी कार्ड’ जीटी ७३० निघतं, २०१४ चं. २०२२ साली आलेला साधा आय३-१२१००एफ या दोन्ही आय७ना आरामात मागे टाकतो.

तेव्हा आय५ घ्यावा की आय७, रायझन ५ की ७, या प्रश्नापासून सुरुवातच करू नका. क्रम असा ठेवा.

पायरी १: गेम आणि मॉनिटर ठरवा

प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रासाठी, प्रोसेसर खेळाचा हिशेब करतो: कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कशी उलटली. ग्राफिक्स कार्ड त्या हिशेबाचं चित्र काढतं. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख. पडदा मोठ्या रिझोल्यूशनचा घेतला की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळपास तेवढाच राहतो. हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते, वाढवले की उलटं. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १६५ ला जेमतेम ६. तेवढ्यात प्रोसेसरचा हिशेब झाला नाही तर कार्ड कितीही भारी असो, ते हात बांधून बसतं.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणार असाल आणि १०८०पीचा १६५ हर्ट्झ मॉनिटर असेल, तर प्रोसेसरसाठी हात थोडा सैल सोडा. सायबरपंक २०७७ सारखे भारी गेम १४४०पीवर, निवांतपणे ६०-७० एफपीएसला खेळायचे असतील, तर पैसा कार्डात घाला. आणि घरात जुना ६० हर्ट्झचाच मॉनिटर राहणार असेल, तर महागड्या प्रोसेसरचे जादा एफपीएस डोळ्यांना दिसणारच नाहीत.

पायरी २: बजेटची वाटणी

मॉनिटर बाजूला ठेवून उरलेल्या पैशातले ३५ ते ४५ टक्के ग्राफिक्स कार्डाला आणि १५ ते २० टक्के प्रोसेसरला, असं मी साधारण धरतो. उरलेल्यात मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), कॅबिनेट. रुपयांत आकडे मुद्दाम देत नाही. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव भडकले, आणि त्याच डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करणार असल्याचं जाहीर केलं. वर्षभरापूर्वीचा व्हिडिओ पाहून काढलेलं बजेट दुकानात कोसळतं ते बहुधा रॅमच्या ओळीवर. ज्या आठवड्यात घेणार, त्याच आठवड्यात तीन दुकानांतून कोटेशन घ्या.

पायरी ३: प्रोसेसर

इथे जरा थांबू, कारण प्रोसेसर ठरला की मदरबोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा, ठरतं, आणि बहुतेक वेळा रॅमची जातही (डीडीआर४ की डीडीआर५). पुढे तीन-चार वर्षांनी अपग्रेडची वाट मोकळी आहे की बंद, तेही इथेच ठरतं.

नंबराच्या शेवटची अक्षरं नीट वाचा. इंटेलमध्ये ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागणारच. ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉक होणारा, ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येणारा. पहिल्या पीसीसाठी त्याचे जादा पैसे देऊ नका. एएमडीत ‘जी’ म्हणजे आत बऱ्यापैकी ताकदीचं ग्राफिक्स. ‘एक्स३डी’ म्हणजे चिपवर कॅशेचा (चिपवरच्या वेगवान मेमरीचा) आणखी एक थर चढवलेला: रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे, साध्या ७६०० मध्ये ३२. लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता चिपवरच सापडते, म्हणून गेममध्ये हे प्रोसेसर बरेच पुढे असतात. गेमिंगसाठी पैसे मोजावेत असा महाग प्रोसेसर मला विचाराल तर हाच. पण पहिल्या पीसीला तो लागत नाही.

लागतात ६ कोअर आणि १२ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). त्याहून जास्त कोअर व्हिडिओ एडिटिंग, रेंडरिंग किंवा स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी पाहावेत. आज नव्या माणसासमोर तीन वाटा आहेत.

पहिली, इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट आणि आय५-१२४००एफ. २०२२ चा आहे पण अजून दमदार आहे, आणि डीडीआर४ चा मदरबोर्ड घेतला तर जुन्या पीसीतली रॅम चालून जाते. रॅम महाग असताना ही बाब लहान नाही. तोटा असा की हे सॉकेट १४ व्या पिढीवर संपलं. त्यावरचे १३ व्या-१४ व्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर सेकंड हँड घेणार असाल तर सावध राहा. जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, बायोसमधून (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेली चिप मात्र दुरुस्तीने बरी होत नाही.

दुसरी, एएमडीचं एएम४ आणि रायझन ५ ५६००. हीसुद्धा डीडीआर४ ची, स्वस्तातली वाट. नंबर मात्र तंतोतंत ५६०० बघा. शेजारी ठेवलेला ५५०० किंवा ५६००जी थोडा स्वस्त दिसेल, पण त्यांत कॅशे निम्मी, १६ एमबी, आणि कार्डाशी बोलायचा रस्ता, पीसीआय-ई, जुना ३.० च. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० सारखी कार्डं त्या रस्त्याच्या आठच लेन वापरतात, त्यामुळे ३.० वर त्यांचा दम थोडा कमी होतो. कार्ड घ्यायचं नसेल, आतल्या ग्राफिक्सवर हलके गेम खेळायचे असतील, तर ५६००जी ठीक.

तिसरी, एएम५ आणि रायझन ५ ७६००. माझा कौल इथे. डीडीआर५ लागतेच, म्हणजे सुरुवातीला खिसा जास्त हलका होतो. पण एएमडीने या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं सांगितलंय, म्हणजे आज ७६०० आणि पुढे त्याच बोर्डात एक्स३डी बसवता येतो. ६५ वॅटचा आहे, बॉक्समध्ये कूलर मिळतो, आणि आत नावापुरतं ग्राफिक्स आहे. गेम खेळायला ते निरुपयोगी, पण कार्ड वॉरंटीत तीन आठवडे अडकलं तर कॉलेजचं काम थांबत नाही.

पायरी ४: मदरबोर्ड आणि रॅम

एएम५ साठी बी६५० किंवा बी८५०, एएम४ साठी बी५५०, १२४००एफ साठी बी६६० किंवा बी७६०. एच६१० आणि ए५२० वर काम चालतं, पण त्यांच्यावर सहसा रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि एसएसडीची जागाही एखादीच. एक्स किंवा झेड मालिकेच्या बोर्डांवर पैसे उधळू नका. जुना स्टॉक असेल तर दुकानदाराला बायोस अपडेट करून द्यायला सांगा: बी६५० बोर्डात रायझन ९००० मालिका किंवा बी४५० मध्ये ५००० मालिका बसवली आणि बायोस जुनंच असलं, तर पडदा काळाच राहतो.

रॅम १६ जीबी हवी असेल तर ८ च्या दोन काड्या. एकाच काडीवर प्रोसेसरचा अर्धा रस्ता बंद राहतो. परवडलं तर १६-१६. एएम५ ला डीडीआर५-६०००, सीएल३० (सीएल म्हणजे रॅमच्या प्रतिसादातला उशीर, आकडा कमी तेवढा बरा) हे माप चांगलं बसतं, भाव टोचत असेल तर सीएल३६ घ्या.

पायरी ५: ग्राफिक्स कार्ड

१०८०पीसाठी आरटीएक्स ५०६०, आरएक्स ९०६० एक्सटी किंवा इंटेलचं आर्क बी५८० या घरात पाहा. ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) १०८०पीला आज कशीबशी पुरते. १४४०पी डोक्यात असेल तर ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालंच घ्या. त्याच नावाने ८ जीबीचंही विकलं जातं, म्हणून डब्यावरचा आकडा वाचा. आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहे आणि ते पैसा वसूल कार्ड आहे, पण जुन्या किंवा कमजोर प्रोसेसरबरोबर ते अडखळतं, आणि बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू असावाच लागतो. आरएक्स ६५०० एक्सटी दिसलं तर पुढे चला: चारच लेन, ४ जीबी मेमरी.

पायरी ६: एसएमपीएस, अर्थिंग आणि लाइट

दुकानात सगळ्यात जास्त काटछाट होते ती इथे. ‘कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा एसएमपीएस फ्री’ हे ऐकलं की कॅबिनेट तेवढं घ्या आणि फ्रीवाला तिथेच ठेवा. ७६०० आणि आरटीएक्स ५०६० चा हिशेब करून बघा: प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड १४५, बाकी बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून पन्नास-साठ. ३०० च्या आत. एन्व्हिडियाही या कार्डाला ५५० वॅटच सांगते. म्हणजे हजार वॅटची गरज नाही, पण जे ५५० लिहिलंय ते खरं असायला हवं. ८० प्लस ब्रॉन्झचा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. त्यामुळे निदान पाच वर्षांची वॉरंटी आणि त्याच मॉडेलची नीट चाचणी झालेली, एवढं बघून घ्या.

आता भिंतीतला सॉकेट. पीसी चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या आल्यासारखा करंट लागतो? एसएमपीएस खराब आहे असं समजून लोक तो बदलतात, आणि नव्यातही तेच होतं. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती बारीक गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा जवळपास निम्म्या व्होल्टेजवर, १००-११५ च्या आसपास, तरंगत राहतो. जुन्या वाड्यात, चाळीत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनी सॉकेट दिसतो पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला मीटर लावायला सांगा: फेज ते अर्थिंग हे व्होल्टेज फेज ते न्यूट्रलच्या जवळपास तेवढंच आलं पाहिजे. पीसी जुळवण्याआधी हे काम उरका.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत करू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. त्यावर वरचा पीसी आणि मॉनिटर टाकून गेम चालू असताना लाइट गेली, तर तो पी-पी करेल आणि बंद पडेल. १००० ते ११०० व्हीए घ्या. तोही गेम पूर्ण करायला नाही, सेव्ह करून पीसी नीट बंद करायला.

पायरी ७: कॅबिनेट, कूलर, एसएसडी

पुढून काचबंद असलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं. पण मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असताना आणि खोलीत ४० असताना आत हवा शिरणार कुठून? खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश प्रोसेसर तापतो. पुण्यात जानेवारीत ७० वर असणारा तिकडे नव्वदीकडे जातो. ७६०० ची मर्यादा ९५ आहे. तिथे पोचला की तो जळत नाही, वेग कमी करतो, आणि तुम्हाला वाटतं गेम लॅग करतोय. पुढे जाळी, दोन पंखे आत ओढणारे, एक मागे बाहेर फेकणारा. उन्हाळा कडक असेल तर बॉक्समधल्या कूलरऐवजी साधा टॉवर एअर कूलर घ्या. लिक्विड कूलरची या प्रोसेसरला गरज नाही.

एसएसडी १ टीबी, एनव्हीएमई, जेन ४. एवढं पुरे. एम.२ (छोट्या पट्टीच्या) आकारात जुन्या, हळू साटा पद्धतीची एसएसडीही मिळते आणि दिसायला सारखीच असते, तेवढं लेबल पाहा.

पायरी ८: खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड अजूनही भाव काढायला चांगला. तिथे पूर्ण यादी एका कागदावर, मॉडेल नंबरांसकट घेऊन जा. ‘हे मॉडेल नाही, पण सेम टू सेम दुसरं देतो’ हे ऐकू येईलच, आणि तो बदल जवळजवळ नेहमी एसएमपीएस, रॅम नाहीतर मदरबोर्डात असतो. बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल, असं कुणी म्हटलं तर १८ टक्क्यांसाठी तीन वर्षांची वॉरंटी सोडायची का ते ठरवा. ट्रे प्रोसेसर म्हणजे डब्याविना आलेला. त्याची वॉरंटी सहसा दुकानदाराच्या तोंडी असते. बिलावर कार्ड, बोर्ड आणि प्रोसेसरचा सीरियल नंबर लिहून घ्या.

पायरी ९: जुळवणी

फरशीवर किंवा लाकडी टेबलावर बसा, सतरंजी-गालिच्यावर नको. अधूनमधून धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा. एएम५ मध्ये पिना बोर्डात असतात, केसाएवढ्या बारीक. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, प्रोसेसर नुसता ठेवा, दाबू नका. वरची काळी प्लास्टिकची टोपी आधी काढायची नाही. लिव्हर खाली बसवताना ती आपोआप उडते. ती जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड परत करताना मागतात. लिव्हर बसताना करकर आवाज येतो, घाबरू नका.

कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म असते, ती काढा. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी पेस्ट वाटाण्याएवढी, बॉक्सच्या कूलरला आधीच लावलेली असेल तर वेगळी नको. रॅमच्या दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी त्याखालचे पितळी स्टँडऑफ मोजून घ्या: एखादा भलत्याच जागी राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो. प्रोसेसरची ८ पिनी वायर आणि कार्डाची ८ पिनी वायर दिसायला बहिणी-बहिणी, पण अदलाबदल चालत नाही. कनेक्टरवर ‘सीपीयू’ आणि ‘पीसीआय-ई’ असं छापलेलं असतं. ओढून-ताणून बसवावी लागत असेल तर चुकीची आहे.

पायरी १०: पहिल्यांदा चालू करताना

मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात, मदरबोर्डाच्या नाही. बटण दाबलं, पंखे फिरले, पण पडदा काळा आणि बोर्डावर रॅमचा दिवा पेटलेला: एएम५ वर पहिल्यांदा असंच होतं. बोर्ड रॅमची चाचपणी करत असतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. दहा मिनिटं तरी बटणाला हात लावू नका. बंद-चालू केलं तर चाचपणी पुन्हा पहिल्यापासून.

बायोस उघडला की रॅमचं एक्स्पो (छापील वेगाने चालवण्याचं सेटिंग) चालू करा, इंटेलवर त्याला एक्सएमपी म्हणतात. नाहीतर पैसे ६००० चे आणि वेग ४८०० च्या आसपास. रिसायझेबल बार, टीपीएम आणि सिक्युअर बूटही (सुरक्षेच्या दोन सोयी) इथेच तपासा. विंडोज ११ वर व्हॅलोरंट शेवटच्या दोन्ही गोष्टी मागतं. विंडोज आणि कार्डाचे ड्रायव्हर टाकून झाले की डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बदला. १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळणारे मी कितीतरी पाहिलेत.

पहिल्या आठवड्यात भर दुपारी, पंखा-एसी नेहमीसारखा ठेवून, दोन तास सलग गेम चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरवर तापमान बघा. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर जुळणी बरोबर आहे. तो साठीत रेंगाळतोय आणि एफपीएसही कमी आहेत, तर रिझोल्यूशन खाली आणून बघा. एफपीएस वाढले नाहीत तर अडवणारा प्रोसेसर आहे, कार्ड नाही. अशा वेळी आधी एक्स्पो खरंच चालू आहे का ते बघा, मागे उघडे असलेले क्रोमचे टॅब बंद करा. तरीही कमीच पडला आणि एएम५ चा बोर्ड असला, तर पुढे एक्स३डी घालता येईल. मात्र बायोस अपडेट आधी करायचं, जुना प्रोसेसर नंतर काढायचा.